लिफ्टवाले काका घेतात

विभागातल्या सगळ्या चर्चवर देखरेख करणाऱ्या सुपरिंटेंडेंट साहेबांचा फोन आला तेव्हा पाळकसाहेब चर्चच्या मागच्या खोलीत जुन्या कपड्यांच्या ढिगाला खांदा देऊन उभे होते. ढीग घसरत होता आणि सेवाकार्य समितीच्या सेक्रेटरीबाई तो दुसऱ्या बाजूने सावरत होत्या. कपडे देणारे चर्चच्या मंडळीत उदंड होते. घेणारं मात्र कोणी सापडत नव्हतं.

"कपड्यांचे आकडे पाठवले होते मी, साहेब," पाळकसाहेब फोनमध्ये म्हणाले.

"आकडे पोचले. आकडे सगळेच पाठवतात हो. या मिशन संडेला मला माणूस दाखवा. तुमच्या कार्यामुळे ज्याचं आयुष्य बदललं, असा एक तरी माणूस. त्याची साक्ष ऐकतो, मग हे सेवाकार्य तुमच्याकडे ठेवायचं का ते ठरवतो. नव्या वसाहतीतली मंडळी हे काम मागतेय. तरुण आहेत, उत्साह आहे."

पाळकसाहेबांनी फोन खिशात ठेवला आणि ढीग सोडला. ढीग सेक्रेटरीबाईंच्या अंगावर आला. तशाच कोटांमध्ये उभ्या राहून त्यांनी साहेबांचं म्हणणं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सेक्रेटरीपद हा त्यांचा नुसता मान नव्हता, तो त्यांचा प्राणवायू होता. नवरा दुकानात, मुलगी परगावी, घरात फक्त गुडघ्यांनी अडकलेल्या सासूबाई. समिती नसती तर बाईंनी दिवसभर करायचं काय? आणि समितीने केलं काय, असं कोणी विचारलं असतं तर सांगायला तरी काय होतं? डोळ्यांची मोफत तपासणी ठेवली, तिला चर्चचेच लोक रांग लावून आले. घरोघर पत्रकं वाटली, ती समोरच्या बेकरीतून पावाला गुंडाळून परत आली.

"माणूस मिळेल," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "कुठेतरी असेलच की."

तो त्यांना जिन्यात मिळाला.

चर्चच्या मागच्या गल्लीतल्या इमारतीत त्या वर्गणीच्या पावत्या द्यायला गेल्या होत्या. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये एक वयस्कर गृहस्थ कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे होते. डोळे मिटलेले, पाय लटपटत होते. भर सकाळी अकरा वाजता. त्यांना सगळी इमारत लिफ्टवाले काका म्हणायची, कारण उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं होतं. स्वतः मात्र ते हल्ली जिन्यानेच जात.

"काका, बरं नाही का वाटत?"

"बरं न वाटायला काय झालंय? आज घ्यायची राहिली, म्हणून हे असं."

सेक्रेटरीबाईंनी कान टवकारले. "रोज घेता?"

"रोज. सकाळी एक, रात्री एक. प्रवास असला तर वर अर्धी."

"अर्धी!" बाईंनी हातातल्या पावत्या छातीशी धरल्या. "कधीपासून?"

"बायको गेली तेव्हापासून. आधी वाटलं, आपोआप थांबेल. पण नाही घेतली की घर गरगरा फिरतं. भिंती अंगावर येतात."

"मग सोडावी असं नाही वाटत?"

"वाटतं की. पण एकदम नाही सोडता येत म्हणे. हळूहळू कमी करायची."

गोळी हा शब्द काकांनी उच्चारला नाही, कारण रोज गोळी घेणाऱ्या माणसाला तो उच्चारायची गरज वाटत नाही. दारू हा शब्द सेक्रेटरीबाईंनी उच्चारला नाही, कारण त्या मेथडिस्ट होत्या आणि त्यांच्या पंथात दारूचं नावही वर्ज्य होतं. दोघांनी नुसत्या स्त्रीलिंगावर भागवलं आणि पुढचं सगळं त्यातून झालं. बाईंनी काकांना हाताला धरून दारापर्यंत पोचवलं. परत येताना त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

संध्याकाळच्या प्रार्थनासभेत त्या उभ्या राहिल्या. "एका भावासाठी प्रार्थना करू या. नाव सांगत नाही, बरं दिसत नाही. फक्त एवढंच सांगते की ते मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतात, विधुर आहेत आणि पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचे."

नाव कोणी विचारलं नाही. सभा सुटायच्या आत ते सगळ्यांना कळलं होतं.

दोन दिवसांनी समितीचे पाच जण काकांच्या दारात उभे होते. पुढे सेक्रेटरीबाई, हातात सुपाचं भांडं. सूप सासूबाईंनी केलं होतं, कारण बाईंना समितीच्या कामांतून वेळ कुठला? मागे मुख्याध्यापिकाबाई. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण ते अजून त्यांच्या आवाजाला कळलं नव्हतं. त्यांच्या मागे चर्चच्या गायनात खालच्या पट्टीत गाणारे खर्जवाले आजोबा, आणि शेवटी पाळकसाहेब आणि त्यांची पत्नी. काकांनी दार उघडलं आणि इतकी माणसं पाहून आधी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर पाळकसाहेबांना बसवलं. बाकीचे पलंगाच्या कडेवर ओळीने बसले.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "हे प्रभो, या आमच्या भावाला मद्याच्या बंधनातून सोडव."

काकांनी डोळे उघडले. मागे वळून पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं.

"अहो, थांबा. मी पीत नाही हो. मी फक्त गोळी..."

"सगळे असंच म्हणतात," मुख्याध्यापिकाबाई मायेने म्हणाल्या. खोटं बोलणारी मुलं ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी खर्जवाल्या आजोबांकडे मान हलवली आणि आजोबांनी गीत सुरू केलं. आजोबांचा आवाज एकदा लागला की त्यापुढे कोणाचं वाक्य पुरं होत नसे.

सेक्रेटरीबाई सूप गरम करायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या. तिथून त्यांना काकांचं अर्धं वाक्य ऐकू आलं. क्षणभर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी झाकण ठेवलं आणि बाहेर येऊन त्याही गाऊ लागल्या.

त्यानंतर काकांच्या घरी माणसांची रीघ लागली. सोमवारी सूप, बुधवारी खर्जवाले आजोबा वर्तमानपत्र वाचून दाखवायला, शुक्रवारी पाळकीणबाई विणकाम घेऊन. मुख्याध्यापिकाबाईंनी एका भेटीत घराची झडती घेतली. खोकल्याचं औषध, दाढीनंतर लावायचं पाणी आणि शिरक्याची बाटली, सगळं मोरीत ओतलं. काकांनी शिरक्याबद्दल थोडी हळहळ दाखवली, ती बाईंनी मनात नोंदवून ठेवली. काका कोणाला काही बोलत नसत. दार उघडत, चहा करत, सूप पीत आणि प्रार्थनेत मान खाली घालत. त्यांनी आता दुसरी खुर्चीही विकत आणली होती.

घरी सासूबाई भांडं विसळताना विचारायच्या, "कसे आहेत गं ते गृहस्थ? आवडलं का सूप?"

"सांगते नंतर, आई," म्हणून सेक्रेटरीबाई चपला घालायच्या.

आणि मग चमत्कार झाला. काका सरळ चालू लागले. जिन्यात कठडा न धरता, बाजारात भिंतीचा आधार न घेता. बेकरीवाल्याने पाहिलं, त्याने पाळकसाहेबांना सांगितलं. पाळकसाहेबांचा जीव भांड्यात पडला, आणि त्यांनी त्याच दुपारी सुपरिंटेंडेंट साहेबांना कळवलं की माणूस सापडला आहे, आयुष्य बदललं आहे, साक्ष तयार आहे. मिशन संडेचा कार्यक्रम छापून आला. तिसऱ्या गीतानंतर 'एका भावाची साक्ष: अंधारातून प्रकाशाकडे'. रविवारच्या घोषणांमध्ये सेक्रेटरीबाईंचं नाव घेतलं गेलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली, पण फार खाली नाही.

शनिवारी दुपारी त्या काकांकडे साक्षीची तालीम घ्यायला गेल्या.

"सुरुवात पत्नीपासून करा," त्या म्हणाल्या. "मग पडझड. मग आम्ही आलो. मग शेवट."

"थांबा हं, आधी माझी घेतो," काका म्हणाले. त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी पाण्याबरोबर गिळली.

"ही कसली?"

"चक्करेची. आधीची चालत नव्हती. डॉक्टरांनी बदलून दिली, तेव्हापासून एकदम ठणठणीत आहे बघा."

सेक्रेटरीबाई पट्टीकडे पाहत राहिल्या. हळूहळू त्यांच्या डोक्यात जिना उभा राहिला. सकाळी एक, रात्री एक, वर अर्धी.

"काका, त्या दिवशी तुम्ही... ही?"

"हो."

"आणि मी समजले..."

"ते मला कळलं नंतर. तुम्ही सगळे आलात तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी पट्टी पुन्हा खिशात सारली. "चहा टाकू का?" ते म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता आत गेले.

बाई नव्या खुर्चीवर बसून राहिल्या. एका निर्व्यसनी माणसाला त्यांनी अख्ख्या मंडळीत दारुडा करून ठेवलं होतं. बेकरीवाल्यापर्यंत, सुपरिंटेंडेंटपर्यंत. आणि बोलला का नाहीत, असं विचारायचा तरी त्यांना काय अधिकार होता? ते बोलले होते. अर्धं वाक्य बोलले होते, आणि ते अर्धं वाक्य ऐकून बाईंनी सुपावर झाकण ठेवलं होतं. आता धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना वाटलं. पण घर दुसऱ्या मजल्यावर होतं.

तरीही, काका चहा घेऊन बाहेर आले तेव्हा बाईंच्या तोंडून जे निघालं, त्याची लाज त्यांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिली.

"काका, उद्या असं करता का? दारू हा शब्द काढूच नका. नुसतं म्हणा, मी आधी पडायचो, आता पडत नाही. प्रभूने सावरलं. यात खोटं तर काही नाही ना?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही म्हणताय तर तसं म्हणतो," ते म्हणाले. "तुम्ही इतकं केलंत माझ्यासाठी."

बाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. पण त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. कार्यक्रम छापून झाला होता.

रविवारी चर्च भरून गेलं. सुपरिंटेंडेंट साहेब पुढच्या बाकावर, मांडीवर टोपी ठेवून. तिसरं गीत संपलं आणि काका उठले. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. पायऱ्या त्यांनी कठड्याशिवाय चढल्या, तेवढ्यानेच मागच्या बाकांवर कोणाचे तरी डोळे भरून आले. सेक्रेटरीबाई बाकाची कड घट्ट धरून बसल्या होत्या. आधी पडायचो, आता पडत नाही. एवढंच म्हणा, काका. एवढंच.

"मला बोलायची सवय नाही," काका म्हणाले. "लिफ्टच्या खड्ड्यात कोणाशी बोलणार? तर सांगायचं असं, की मी आधी पडायचो. आता पडत नाही."

सेक्रेटरीबाईंनी श्वास सोडला.

"पण मी कधी प्यालो नाही. आयुष्यात एक थेंब नाही."

"सगळे असंच म्हणतात," मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि शांततेत ते शेवटच्या बाकापर्यंत पोचलं.

"म्हणतात ना, बाई," काका नम्रपणे म्हणाले. "म्हणून तर माझं कोणाला पटलं नाही. मला चक्कर येते. कानाचं दुखणं आहे. त्याची गोळी घेतो. ती बदलली आणि चक्कर थांबली, झालं. पहिल्या दिवशी मी सांगायला गेलो, तर तुमचं गाणं सुरू झालं. त्यात तुमची काही चूक नाही. पण दुसऱ्या खेपेला मला सांगता आलं असतं. तिसऱ्या खेपेलाही. मी नाही सांगितलं."

वरच्या बटणाशी त्यांचा हात गेला.

"बायको गेल्यावर माझ्या दाराची बेल फक्त विजेचं मीटर बघणारा वाजवायचा. तोसुद्धा घाईत. आणि मग तुम्ही आलात. पाच जण! बसायला खुर्ची नव्हती. सूप आणलंत. हे आजोबा मला पेपर वाचून दाखवतात. मला वाचता येतं हो. पण कोणी वाचून दाखवलं की बरं वाटतं. मला वाटलं, मी पीत नाही हे कळलं तर हे लोक उठून जातील. खऱ्या पिणाऱ्याकडे जातील. आणि तसं जायलाच हवं ना? म्हणून मी गप्प बसलो. तुमचं सूप मी फसवून प्यालो. दुसऱ्या कोणाचं होतं ते. मला त्याची लाज वाटते. एवढंच."

ते खाली उतरले आणि जागेवर जाऊन बसले. शनिवारच्या दुपारबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर सेक्रेटरीबाईंना मान वर करता आली असती. आता भरल्या डोळ्यांना समोरच्या बाकाची पाठसुद्धा दिसेना. लाज वाटायची कोणाला, आणि उभं राहून सांगतंय कोण!

पाळकसाहेबांनी कार्यक्रमाचा कागद उलटा केला, सुलटा केला. पुढे 'आभाराची प्रार्थना: सुपरिंटेंडेंट साहेब' असं छापलं होतं. साहेब उठले, टोपी बाकावर ठेवली.

"हे प्रभो," ते म्हणाले, "या भावाने जे सोडलं... म्हणजे जे धरलंच नव्हतं..." ते अडले. शेवटी त्यांनी नुसतं "आमेन" म्हटलं आणि सगळ्यांनी सुटल्यासारखं "आमेन" म्हटलं.

उपासना संपल्यावर मागच्या खोलीत चहा होता. सेक्रेटरीबाई कपड्यांच्या ढिगाआडून थेट पाळकसाहेबांकडे गेल्या.

"मी राजीनामा देते. काकांना ती साक्ष तशी द्या म्हणून मीच सांगितलं होतं. काल. सगळं कळल्यावरसुद्धा."

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. ते काही बोलणार, एवढ्यात खर्जवाल्या आजोबांनी बाईंची बाही ओढली.

"ताई, जरा बाजूला या." त्यांनी आवाज आणखी खाली नेला, तो जवळजवळ जमिनीतून आला. "कोणाला सांगू नका. मी पण घेतो."

"आजोबा! तुम्ही? काय घेता?"

"ते तुम्ही ठरवा. मंगळवारची संध्याकाळ मोकळी असते माझी."

ते कप घेऊन निघून गेले, ते सरळ काकांच्या शेजारी जाऊन बसले. बाई अजून तिकडेच बघत होत्या, तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. पर्स दोन्ही हातांत धरलेली.

"मी पीत नाही," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "पण सगळे असंच म्हणतात, नाही का?"

आणि बाईंनी काही बोलायच्या आत त्या वळून चालू लागल्या. ही बाई निवृत्त झाल्यापासून बंद पडद्यांच्या घरात एकटी राहते, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं, एवढंच.

सुपरिंटेंडेंट साहेबांनी निर्णय कळवतो म्हणून सांगितलं. जाताना काकांच्या घराचा पत्ता मात्र लिहून घेतला. पाळकसाहेबांनी राजीनाम्याचं नंतर बघू म्हटलं. बाई घरी निघाल्या तेव्हा त्यांना कोणाशीच बोलावंसं वाटत नव्हतं.

सासूबाई खिडकीशी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. "आलीस? झाली का साक्ष?"

"सांगते नंतर," असं बाईंच्या तोंडावर आलं होतं. पण आज त्यांच्याने उभंही राहवत नव्हतं. त्या चपला न काढताच सासूबाईंच्या पायांशी पलंगावर बसल्या आणि जिन्यापासून सगळं सांगितलं. अर्धं वाक्य सांगितलं, झाकण सांगितलं, शनिवार सांगितला. सांगताना दोनदा रडू आलं. सासूबाईंनी मध्ये सुपात मिठाचं प्रमाण बरोबर होतं का, एवढंच एकदा विचारलं.

"म्हणजे न पिणाऱ्याकडेही जाता तर तुम्ही," सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "मला वाटलं, प्यावंच लागतं."

"आई, थट्टा नको हो आज. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"थट्टा कुठे करतेय? तुमच्या समितीत सांग की आणखी एक केस आहे. मी पण घेते म्हणावं."

"काहीतरीच काय, आई!" सेक्रेटरीबाईंना रडता रडता हसू आलं. त्यांनी डोळे पुसले आणि सरळ बसून, सभेत विचारतात तशा ठसक्यात विचारलं, "बरं, सांगा. कधीपासून?"

सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

"तू सेक्रेटरी झालीस ना," त्या म्हणाल्या, "तेव्हापासून."